कोऱ्या पानाला हात लावू नका

पत्र: ताई, नमस्कार. रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीवर आमची लाँच चालते. लाँच सासऱ्यांच्या नावावर आहे, व्यवहार नवरा बघतो, तिकिटांचा हिशेब आणि उतारूंचं रजिस्टर माझ्याकडे. शनिवारी संध्याकाळी शेवटच्या फेरीला ओहोटी लागली होती. जुन्या जेट्टीचा पाण्याखाली राहिलेला खांब बुडाला लागला, आत पाणी भरलं, घाबरून सगळे एका अंगाला धावले आणि लाँच कलंडली. कोळ्यांच्या होड्या जवळ होत्या म्हणून माणसं वाचली. पुण्याहून आलेल्या एक आजी मात्र गेल्या. 9 जणांना लागलं, त्यात आमचा एक खलाशी. सर्टिफिकेट 40 उतारूंचं आहे. त्या फेरीला 41 तिकिटं फाटली होती, शिवाय गावातली 14-15 माणसं होती. गावकऱ्यांकडून आम्ही तिकीट घेत नाही. शेवटच्या फेरीची नोंद मी नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी करते, त्यामुळे ते पान अजून कोरं आहे. पोलिसांनी गुन्हा नोंदवलाय, नावं अजून कोणाची नाहीत. लाँच काठाला चिखलात आडवी पडली आहे. ओळखीतले एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना साहेब म्हणतात. ते सांगतात, पानावर 38 जण लिही, रात्री लाँचवर 20 नवी लाईफ जॅकेटं नेऊन टाका, ‘जादा माणसं मी माझ्या मर्जीने घेतली’ असं लाँच चालवणाऱ्या तांडेलाकडून लिहून घ्या आणि नवऱ्याला चार दिवस बाहेरगावी पाठवा. तांडेल आमच्या नात्यातले, मी त्यांना काका म्हणते. ते सही द्यायला तयार आहेत. विमा एजंट म्हणतो, एवढ्यात कंपनीला कळवू नका. आजींच्या मुलाचे फोन येतायत, ते उचलायची कोणाची हिंमत होत नाही. रजिस्टर घेऊन उद्या पोलिसांकडे जायचं आहे. काय करू?
ता. क. फेरी बंद पडल्याने गावाची अडचण होतेय. तोवर दीराची मासेमारीची होडी उतारूंसाठी लावू का?
— एक सून

उत्तर:

ताई, तुमचं पत्र आलं त्याच रात्री मी दोन ओळी पाठवल्या होत्या: पानावर काहीही लिहू नका आणि काकांची सही घेऊ नका. आता सविस्तर लिहिते. तुमच्या परवानगीने पत्र छापते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या पानापासूनच सुरुवात करते. साहेबांच्या मते उतारू किती होते हे ते पान ठरवणार. तो जमाना गेला. 41 तिकिटं फाटली म्हणता, म्हणजे 41 स्थळप्रती बुकात आहेत. निम्म्या लोकांनी तरी मोबाइलवरून पैसे दिले असतील, त्या प्रत्येक व्यवहारावर तारीख आणि मिनिटासह वेळ बँकेत नोंदलेली आहे. लाँच धक्क्यावरून सुटताना पर्यटक व्हिडिओ काढतात, त्यात बाकं भरलेली दिसतात, उभी माणसं दिसतात. दवाखान्यातले केसपेपर आहेत. शिवाय ज्या कोळ्यांनी माणसं ओढून काढली त्यांना आपण किती जण वर घेतले ते पाठ असतं, विचारून बघा. या सगळ्यासमोर तुमच्या हातचं 38 उभं राहिलं तर काय होईल? आज या प्रकरणात तुम्ही फक्त हिशेब ठेवणारी सून आहात, बहुतेक साक्षीदार. तो आकडा लिहिलात की तुम्ही आरोपी. अपघात खांबामुळे झाला की गर्दीमुळे, हा वाद पुढे वर्षभर चालेल. पण मागाहून लिहिलेली नोंद कोणाच्या हातची, यात वाद घालायला जागाच नाही. खोटा दस्तऐवज तयार करणं आणि पुरावा नाहीसा करणं हे भारतीय न्याय संहितेतले वेगळे गुन्हे आहेत आणि अपघाताची बाजू कितीही भक्कम असली तरी ते मागे लागतात.

मग त्या पानाचं करायचं काय? काही नाही. कोरं आहे तसं ठेवा. त्यावर रेघ मारू नका, आजची तारीख टाकू नका, आधीच्या पानावरची खाडाखोडही नीट करायला जाऊ नका. रजिस्टरच्या सगळ्या पानांचे फोटो काढून वकिलांकडे द्या. तिकीट बुक, वापरून झालेली जुनी बुकं, सर्टिफिकेटं, सर्व्हेचे कागद, डिझेलच्या पावत्या, इंजिन दुरुस्तीची बिलं, सगळं एका पेटीत घालून यादी करा. पोलीस जे नेतील त्याचा जप्ती पंचनामा होईल, त्याची प्रत मागून घ्या. पान कोरं का, असं विचारतील. तेव्हा सरळ सांगा की शेवटच्या फेरीची नोंद मी दुसऱ्या दिवशी सकाळी करते. ही तुमची रोजची रीत मागची पानं बघून कोणालाही पटेल, आणि खरी आहे म्हणून उलटतपासणीत टिकेलही. त्या संध्याकाळचं तुम्हाला आठवतं ते वेगळ्या कागदावर लिहून काढा. आज लिहिताय तर वर आजचीच तारीख घाला, आणि तो कागद फक्त तुमच्या वकिलांना द्या.

लाईफ जॅकेटांचंही तेच. चिखलात पडलेली लाँच आता तुमची राहिलेली नाही, ती पुरावा आहे. कंपनीच्या प्लॅस्टिकमधली घडी न मोडलेली 20 जॅकेटं खाऱ्या पाण्यात भिजलेल्या लाँचमध्ये सापडली तर त्याचा अर्थ लावायला तज्ज्ञ लागत नाही. जुनी जॅकेटं किती होती, बाकाखालच्या पेटीला कुलूप होतं का, किल्ली कोणाकडे होती, निघताना कोणाला घालायला दिली होती का, हे सगळं जसं होतं तसंच राहू द्या. इंजिन उघडू नका, बुडाला पडलेली भेग कोणाला हातोडीने तपासू देऊ नका. भरतीला लाँच वाहून जाईल किंवा वाहतुकीच्या आड येईल अशी भीती असेल तर पोलीस आणि मेरीटाइम बोर्डाचे (बंदरं आणि जलवाहतूक बघणाऱ्या सरकारी मंडळाचे) बंदर निरीक्षक, दोघांना लेखी कळवा आणि त्यांच्या समोरच हलवा. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा, तो पाण्याखालचा खांब, त्या भेगेवरूनच सिद्ध होणार आहे. त्या खांबावर खुणेचा बोया होता की नाही, आधी कधी कोणी तक्रार केली होती का, तेही शोधा. लाँचला हात लावून स्वतःचाच मुद्दा घालवायचा, हा सल्ला देणारे साहेब कोणाचे हितचिंतक आहेत ते देव जाणे.

आता काकांबद्दल. पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच.

काका सही द्यायला तयार आहेत, कारण तुमच्या सासऱ्यांचं मीठ खाल्लंय असं त्यांना वाटतं. ती सही घेणं माणूस म्हणून वाईट आहे, आणि कायद्याने निरुपयोगीही. न्याय संहितेचं कलम 284 असुरक्षित किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या जलयानातून भाडं घेऊन माणसं नेण्याबद्दल आहे. नेणारा आणि न्यायला लावणारा, दोघंही त्यात येतात. शिक्षा फार नाही, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण रोख कोणाकडे आहे ते बघा. गावकऱ्यांना फुकट घ्यायची पद्धत काकांनी त्या शनिवारी सुरू केली का? तिकिटं 40 वर थांबवायचं काम कोणाचं होतं? हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारले जातील, आणि तुम्ही ज्यांना फुकट नेत होतात तेच गावकरी खरी उत्तरं देतील.

चौकशी खालच्या माणसापाशी थांबत नाही, याचा जुना दाखला आहे. 6 मार्च 1987 ला बेल्जियममधल्या झीब्रुग बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही ब्रिटिश फेरी उलटली आणि 193 माणसं गेली. नाळेकडचे, गाड्या आत घ्यायचे दरवाजे उघडेच राहिले होते. ते बंद करायचं काम ज्याचं, तो खलाशी आपल्या खोलीत झोपलेला होता. एवढा सोपा आरोपी मिळाला होता, तरी न्यायमूर्ती शीन यांची चौकशी कंपनीच्या संचालक मंडळापर्यंत गेली. दरवाजे लागले की नाही हे वर सुकाणूपाशी कळायची सोयच नव्हती, मागितली होती तरी केली नव्हती, हे बाहेर आलं. पुढे कंपनीवरचा फौजदारी खटला टिकला नाही ही गोष्ट वेगळी. पण सगळा दोष एका खलाशावर टाकून कंपनीला नामानिराळं होता आलं नाही.

तेव्हा काकांना त्यांचा स्वतःचा वकील हवा. तुमच्या सासऱ्यांचाच वकील काकांनाही चालेल असं घरात कोणी म्हणेल, ते ऐकू नका. दोघांचं हित एक नाही: काका म्हणू शकतात की मालकांनीच भरायला सांगितलं, मालक म्हणू शकतात की मी नको म्हटलं होतं. एकच वकील दोघांसाठी बोलायला लागला की त्यातल्या एकाचा बळी जातो, आणि तो कोण हे तुम्हालाही ठाऊक आहे. फी तुम्ही भरलीत तरी हरकत नाही, पण त्या वकिलांनी ऐकायचं ते काकांचं. नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, काकांना तिथे मोफत वकील मिळू शकतो. काय जबाब द्यायचा हे काकांना आणि खलाशांना शिकवू नका. सगळ्यांचे पगार चालू ठेवा. जखमी खलाशाचा औषधपाणी आणि भरपाईचा हक्क उतारूंच्या दाव्यांपासून वेगळा आहे, त्याची वेगळी फाइल करा.

नवऱ्याला बाहेरगावी पाठवायचा विषय. 7 मे 2023 ला केरळात तानूरला पर्यटकांची बोट उलटली, 22 जण गेले. मासेमारीच्या बोटीत फेरफार करून ती पर्यटकांसाठी वापरली जात होती. मालक आधी सापडेना, दुसऱ्या दिवशी कोळीकोडला पकडला गेला, आणि त्याच्यावर थेट खुनाचं कलम लागलं. तुमची गोष्ट तशी नाही: लाँच प्रवासी वाहतुकीचीच, सर्टिफिकेट आहे, सर्व्हेचे कागद आहेत. तुमच्यासारख्या प्रकरणात सहसा लागतं ते कलम 106(1), हयगयीने मृत्यू. शिक्षा 5 वर्षांपर्यंत, पण जामीनपात्र. सोबत बेदरकारपणे जलयान चालवल्याचं 282 आणि दुखापतीचं 125 येऊ शकतं. खरा धोका 105 चा, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा. माणसं मरतील हे माहीत असूनही केलं, असं पोलिसांना वाटलं की ते कलम येतं, आणि ते अजामीनपात्र आहे. पळालेला मालक, बदललेलं रजिस्टर आणि रात्रीत आलेली जॅकेटं असं चित्र उभं राहिलं तर 106 वरून 105 वर जायला पोलिसांना निमित्त मिळतं. नवरा घरी असू द्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम 35(3) ची हजर राहायची नोटीस आली तर ठरल्या वेळी वकिलांना घेऊन हजर राहायचं. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लेखी नोंदवावं लागतं. अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार करून ठेवायला हरकत नाही, तो करायचा की नाही ते वकील ठरवतील.

उद्यासाठी दोन गोष्टी. तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलं असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे बाईला तिच्या घराबाहेर कुठेही हजर राहायची सक्ती करता येत नाही. सासरे साठीच्या पुढचे असतील तर त्यांनाही नाही. पोलिसांना नम्रपणे लिहून कळवा की जबाब घ्यायला घरी या, रजिस्टर तयार आहे. दुसरं, तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर साक्षीदाराने सही करायची नसते. संहितेतच तसं आहे. कोणी सही मागितली तर वकिलांना फोन करा. जप्तीचा कागद मात्र वेगळा, तो वाचून सही करून प्रत घ्या.

आणि कोणाच्याही फोनमधलं काही पुसू नका. लाँचच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ‘आज जाम गर्दी’ असं कोणीतरी टाकलेलं असणारच. असू द्या. पुसलेला मेसेज दुसऱ्या दहा फोनांत असतो.

अपघाताची वर्दी ताबडतोब द्यायची असते. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात ती जबाबदारी मालकावर आणि जलयानाच्या प्रमुखावर आहे. पोलिसांना आपोआप कळलं म्हणून ती संपत नाही. बोर्डाकडे लेखी गेली नसेल तर आजच द्या: वेळ, जागा, ओहोटी, खांब, जखमी, मृत. कारणमीमांसा नको, माफी नको, आरोप नको. उतारूंचा आकडा विचारला तर 41 तिकिटं आणि विनातिकीट गावकरी, मोजणी चालू आहे, एवढं लिहा.

40 च्या वर माणसं होती हे लपणार नाही हे एकदा मनाशी पक्कं करा. मुंबईची 18 डिसेंबर 2024 ची घटना आठवून बघा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली, 15 जण गेले. धडक दुसऱ्याची होती, सगळ्यांनी ती व्हिडिओत पाहिली. तरी लवकरच दुसरा प्रश्न आला की परवानगी 84 उतारू आणि 6 कर्मचाऱ्यांची असताना बोटीवर 100 च्या वर माणसं कशी? शिवाय नेमकी किती माणसं होती याचे आकडे त्या रात्रभर बदलत होते. पाण्यात अजून कोणी आहे का, हे शोधणाऱ्यांना त्या आकड्याचीच गरज असते. तेव्हा गावकऱ्यांची नावं आजच गोळा करा, विनातिकीटवाल्यांची आधी.

विमा एजंटाचं अजिबात ऐकू नका. कंपनीला आजच ईमेल करा आणि पोस्टाने पत्रही पाठवा. उशिरा कळवल्याचं निमित्त कंपनीच्या हाती देऊ नका, जादा उतारूंचं निमित्त तिच्याकडे आधीच आहे. भरपाईचा दावा कुठून येईल तेही माहीत असू द्या. बोटीच्या अपघाताला मोटार अपघात न्यायाधिकरण नाही. आजींच्या घरचे दिवाणी न्यायालयात 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली येऊ शकतात, किंवा तिकीट घेतलेलं होतं म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात. तिथे मुदत 2 वर्षांची. मालकाची जबाबदारी ठरावीक रकमेपर्यंत मर्यादित ठेवायची तरतूद जलवाहतुकीच्या कायद्यांत असते, पण मालकाची स्वतःची जाणूनबुजून केलेली बेफिकिरी दिसली तर ती हातची जाते. त्या दृष्टीनेही साहेबांचा सल्ला महागात पडेल.

आजींच्या मुलाचा फोन उचला. नवऱ्याने किंवा सासऱ्यांनी उचलावा, तुमच्यावर ढकलू नये. ‘चूक आमची’ म्हणायचं नाही आणि ‘आमचा काही दोष नाही’ हे तर त्याहून नाही. तुमच्या आई आमच्या लाँचवर होत्या, फार वाईट झालं, शवविच्छेदनाचे कागद, दाखला, गाडी, काय लागेल ते सांगा, एवढं पुरे. त्यांची पर्स, चष्मा, चप्पल असं काही चिखलात सापडलं असेल तर पोलिसांकडे नोंद करून द्या, आणि दिलंय हे त्या मुलाला कळवा. पैशाची मदत करायची तर बँकेतून करा, आधी विमा कंपनीला आणि वकिलांना सांगून, ‘अंत्यविधी आणि प्रवासासाठी’ एवढंच लिहून. बदल्यात कसलीही सही मागू नका. तेराव्याला रोख पाकीट आणि स्टॅम्प पेपर घेऊन पुण्याला जायचं साहेबांच्या डोक्यात असेल तर त्यांना घराबाहेरच थांबवा. जखमींच्या घरी जाऊन भेटा, पण त्या संध्याकाळी काय काय झालं हे त्यांच्याकडून वदवून घेऊ नका. ते साक्षीदार आहेत.

पत्रकारांशी घरातल्या एकानेच बोलायचं आणि एकच वाक्य बोलायचं: तपासाला पूर्ण सहकार्य करतोय, मृत आजींच्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहोत. खांबाचा मुद्दा टीव्हीवर मांडू नका, चौकशीत मांडा.

पत्राच्या ताज्या कलमात तुम्ही विचारलंय की गावाची अडचण होतेय, तर तोवर दीराची मासेमारीची होडी उतारूंसाठी लावू का. नाही. तिला प्रवासी वाहतुकीचं सर्टिफिकेट नाही, आणि तानूरला नेमकं तेच झालं होतं. फेरी बंद आहे असा फलक दोन्ही जेट्ट्यांवर लावा. बोर्डाची कारणे दाखवा नोटीस येईल, तिला मुदतीत उत्तर द्या, सुनावणीला सासरे स्वतः जाऊ देत. सर्व्हे नव्याने झाल्याशिवाय लाँच पाण्यात घालू नका. परत परवानगी मिळाली तर पहिल्या फेरीपासून गावकऱ्यांनाही तिकीट फाडा, शून्य रुपयाचं का होईना, आणि 40 वं फाटलं की बुक बंद.